जर्मनीला गेलेला कान

आईला कमी ऐकू येतं हे मला कळायच्या आधी तिच्याकडे बाळंतपणाला येणाऱ्या बायांना कळलं होतं. नाकाडोंगरीच्या पलीकडे, जंगल आणि मँगनीजच्या खाणी यांच्या मधल्या पट्ट्यात एक लहानसं उपकेंद्र होतं. तिथे ती नर्स होती. पुढच्या दोन खोल्यांत दवाखाना, मागच्या दोन खोल्यांत आम्ही. बाबा मी लहान असतानाच गेले, त्यामुळे आम्ही म्हणजे आई आणि मी. बाया बोलता बोलता तिच्या उजव्या हाताला सरकायच्या, कारण डावा कान जवळजवळ गेलेलाच होता. त्यावर कुणी काही बोलायचं नाही. नर्सबाईशी बोलायचं तर इकडून बोलायचं, एवढं सगळ्यांना माहीत होतं.

छप्पन साली आमच्या वस्तीनं बुद्ध धम्म स्वीकारला. त्यानंतर जी पोरं शाळेत टिकून राहिली त्यांत आई होती आणि तिचा धाकटा भाऊ होता. आई नर्स झाली. मामा फिटरचं काम शिकला आणि कुठल्या कुठे, पश्चिम जर्मनीतल्या एका कारखान्यात जाऊन पोचला. दर दोन-तीन वर्षांनी सुटीवर यायचा. अशाच एका सुटीत तो आईला नागपूरला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी तिच्या उजव्या कानात गुलाबी लगदा भरला, तो घट्ट झाल्यावर अलगद बाहेर काढला आणि मामाच्या हातात दिला. आईच्या कानाचा आतला आकार जसाच्या तसा त्यात उतरला होता. मामानं तो रुमालात गुंडाळून जर्मनीला नेला आणि पुढच्या खेपेला खिशातून यंत्र घेऊन आला.

सिगारेटच्या पाकिटाएवढी डबी, तिला जाळी, जाळीच्या आत माइक. डबीतून निघालेली बारीक वायर, वायरीच्या टोकाला गोल बटण, आणि त्या बटणाला अडकवलेला, आईच्या कानाच्या आकाराचा प्लास्टिकचा साचा. आईनं युनिफॉर्मच्या पोलक्याला आतून खिसा शिवला आणि डबी तिथे ठेवली. साचा कानात बसवून तिनं चक्री फिरवली. आम्ही सगळे श्वास रोखून तिच्याकडे पाहत होतो. ती छपराकडे पाहत म्हणाली, "खार हाय वर. कवेलूवरून पळून राहिली."

खार होती. आम्हाला कुणालाच ती ऐकू आली नव्हती.

पोटातल्या बाळाचे ठोके ऐकायला तेव्हा नर्सकडे ॲल्युमिनियमचा एक लहान भोंगा असायचा. रुंद तोंड बाईच्या पोटावर टेकवायचं आणि निमुळत्या टोकाला कान लावायचा. गेली काही वर्षं आईला त्यातून फार कष्टानं ऐकू यायचं. आता तिनं एक युक्ती काढली. भोंग्याच्या निमुळत्या टोकाला ती आपला कान लावायची नाही, डबीची जाळी लावायची. डबी ठोका मोठा करून तिच्या कानापर्यंत आणायची. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. त्यानंतरची तीन-चार वर्षं तिच्या हाताखालून शेकडो बाळं गेली. नर्सबाईची डबी म्हणजे पोटातलं दाखवणारं काहीतरी जबरदस्त यंत्र आहे, अशी पार लांबच्या टोल्या-पाड्यांपर्यंत बातमी पसरली.

मग एका श्रावणात ती एका बाईच्या बाळंतपणाला निघालेली असताना नाल्यात पडली. पाणी छातीपर्यंत होतं. तिनं औषधांची पेटी डोक्यावर धरली, त्यामुळे पेटी वाचली. डबी पोलक्यात होती. बाळंतपण नीट झालं, आई घरी आली, डबी तांदळाच्या डब्यात पुरून ठेवली, दोन दिवसांनी काढून उन्हात वाळवली. पण तिच्यातून नुसती खरखर यायची आणि मग तीही यायची बंद झाली. नागपूरच्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्यानं झाकण उघडून पाहिलं, बराच वेळ पाहिलं आणि परत लावून टाकलं. "बाई, हे रेडिओ नोहे. जिथं बनलं तिथंच पाठवा."

म्हणून आम्ही पाठवलं. साच्यासकट कापसात गुंडाळून, लाकडी खोक्यात घालून, वर कापड शिवून, त्यावर मामाचा पत्ता लिहून, रजिस्टर पार्सलनं. परदेशात दुरुस्तीला काही पाठवायचं असेल तर ते आधी कस्टमला दाखवावं लागतं, ते नंबर टिपून तसा दाखला देतात, ही गोष्ट आम्हाला ठाऊक नव्हती. सांगणार तरी कोण? आमच्या भागातून तेंदूपत्ता बाहेर जायचा, मँगनीज जायचं, तांदूळ जायचा. दुरुस्तीला म्हणून जर्मनीला गेलेली ती पहिलीच वस्तू असावी. "नर्सबाईचा कान जर्मनीले गेला," असं लोक एकमेकांना सांगायचे. यात चेष्टा नव्हती, खरोखरीचं अप्रूप होतं. एक म्हातारा रोज विचारायला यायचा, "पोचला का?"

पोचला. दुरुस्तही झाला. मामाचं पत्र आलं की यंत्र बनवणाऱ्या कारखान्यानं आतला बिघडलेला भाग काढून नवा घातला, बाहेरची डबी गंजली होती म्हणून तीही बदलली, आणि पार्सल रवाना केलं आहे. त्यानंतर पार्सल येण्याऐवजी मुंबईहून कस्टमचं कार्ड आलं. तुमच्या नावे परदेशातून नवं विद्युत यंत्र आलं आहे, त्यावर शुल्क भरा. जो आकडा लिहिला होता तो वाचून मी कार्ड उलटं करून पाहिलं, मागे काही वेगळं लिहिलंय का म्हणून. मी उत्तर लिहिलं की यंत्र नवं नाही, आमचंच आहे, दुरुस्तीला गेलं होतं. त्यांनी विचारलं, गेल्याचा दाखला कुठे आहे? मी पोस्टाची पावती पाठवली. त्यांनी कळवलं, पावतीवरून पार्सल गेल्याचं दिसतं, आत काय होतं ते दिसत नाही. त्यांचंही काही चूक नव्हतं. त्या दिवसांत घड्याळं, ट्रान्झिस्टर, टेपरेकॉर्डर असलं पुष्कळ काही लोक 'दुरुस्ती' सांगून आणत असत. पण एका पत्राला महिना, उत्तराला महिना, असं करत पुढच्या वर्षीचीही दिवाळी गेली, धानाची कापणी झाली, मळणी झाली.

या मधल्या काळात माझं लग्न होऊन मी आमच्याच जिल्ह्यातल्या शहापूरला गेले होते आणि मला दिवस राहिले होते. सातवा लागल्यावर मी माहेरी आले तेव्हा आई फार गप्प झालेली दिसली. तिच्याच सोबतीच्या दाईनं मला काय झालं ते सांगितलं. खाणीवर काम करणारी एक बाई तपासायला आली होती. आईनं भोंगा लावला, खाली सरकवला, वर सरकवला, दुसऱ्या कुशीवर लावला. ठोका मिळेना. ती पुन्हा पुन्हा पाहत राहिली आणि शेवटी घाबरून तिनं त्या बाईला खाणीच्या जीपमधून तुमसरला पाठवलं. तिथे डॉक्टरांना पहिल्या झटक्यात ठोके मिळाले. बाळ अगदी ठणठणीत होतं.

"जितं लेकरू होतं," आई मला म्हणाली. "अन् मी त्याच्या मायीले सांगितलं की ठोका लागून नाही राहिला. रस्ताभर तिनं का सोसलं असन?"

मी तिच्यासमोर बसून, ओठ दिसतील असं सावकाश म्हणाले, "आणखी एक पत्र लिहू."

"पत्रं लय झाले. कागदाले कान कसा दाखवशीन? मी मुंबईले जातो."

तिला एकटीला पाठवणं शक्यच नव्हतं. समोरचा काय बोलतो ते तिला कोण सांगणार? माझी सासू त्या दिवशी मला भेटायला आली होती. ती हादरलीच. "सातव्या महिन्यात कोणी मुंबईले जाते का वो बाई?"

आईनं तिचे ओठ वाचले. "एकटी नाही जाऊन राहिली," ती म्हणाली. "नर्ससंगं जाऊन राहिली."

तुमसर रोड स्टेशनवरून नागपूर, नागपूरहून मुंबई. आईनं सोबत पेटी घेतली होती, कारण प्रवासात मला काही झालं तर हाताशी सगळं असावं. रात्रभर तिचा एक हात माझ्या पोटावर होता. आम्ही मामाच्या एका ओळखीच्या घरी उतरलो, आंघोळी केल्या, आणि विचारत विचारत त्या कचेरीत पोचलो.

तो हॉल मी कधी विसरणार नाही. आमच्या गावातल्या राइस मिलची सगळी कोठारं एकात घातली तरी एवढी जागा झाली नसती. वरपर्यंत लाकडी फळ्या, आणि फळ्यांवर सगळ्या जगातून आलेली खोकी. वेगवेगळ्या लिपींतले शिक्के, मेण, दोऱ्या, पत्रे. काही खोकी तपासणीसाठी उघडलेली होती. एकात गवताच्या भुश्यात व्हायोलिन होतं. एकात कुठल्यातरी प्रयोगशाळेची काचेची नळी, मोराच्या मानेसारखी वळलेली. आणि एका लांब खोक्यात एक पाय होता. लाकडाचा आणि चामड्याचा, पट्ट्यांसकट, गुडघ्यात नवा चकचकीत सांधा बसवलेला. कुणाचा तरी पाय समुद्रापलीकडे दुरुस्तीला जाऊन आला होता आणि तो माणूस कुठेतरी त्याची वाट पाहत बसला होता. आई त्या खोक्यापाशी थांबली. कुणाला दिसणार नाही असा तिनं त्याला हात लावला. इथवर येताना मला वाटत होतं की आपणच एक अडकलो आहोत. त्या हॉलमध्ये उभं राहिल्यावर समजलं, की माणसांचे कान, पाय, सूर सगळे असे आगबोटींतून, विमानांतून एकमेकांच्या देशात फिरत असतात, आणि प्रत्येकाला या एकाच दारातून आत यावं लागतं.

आमचं पार्सल काढून एका कारकुनानं टेबलावर ठेवलं. टेबलामागे पन्नाशीचे एक साहेब होते, जाड चष्म्याचे, आवाज अगदी हळू. आईसाठी तो आवाज म्हणजे काहीच नव्हता. ते बोलायचे, मी आईकडे तोंड करून तेच सावकाश सांगायची, आई उत्तर द्यायची.

"डबी नवी कोरी आहे," साहेब म्हणाले. "नंबर नवा आहे. तुमच्याकडे जुन्या नंबरचा कागद नाही. मी ही जुनी कशी मानू?"

आई खोक्यात पाहत होती. डबीच्या बाजूला एक लहान कागदी पुडी होती. तिनं पुडीकडे बोट करून साहेबांना विचारलं, उघडू का? त्यांनी मान हलवली. पुडीत तिच्या कानाचा साचा होता. वापरून पिवळट झालेला, एका कडेला टवका उडालेला. कारखान्यानं सगळं बदललं, पण साचा बदलला नव्हता. कसा बदलणार? ज्या कानावरून तो केला तो कान आमच्याकडे होता.

"साहेब, हा माह्या कानाचा साचा हाय," आई म्हणाली आणि तिनं तो उजव्या कानात सरकवला. तो तिथे इतका नेमका बसला की कान आणि साचा यांच्यामध्ये फट दिसेना.

कारकून म्हणाला, "हा कुणाच्याही कानात बसेल."

साहेबांनी हात पुढे केला. आईनं साचा काढून पदरानं पुसून दिला. साहेबांनी आधी तो आपल्या कानात घालून पाहिला. जाईना. फिरवून पाहिला, तरी जाईना. मग त्यांनी तो कारकुनाकडे दिला. कारकुनानं ओशाळून इकडेतिकडे पाहिलं, घालून पाहिला आणि कान चोळत परत केला. शेजारच्या टेबलावरची टायपिस्ट बाई हसू दाबत होती. साहेबांनी साचा उजेडात धरला आणि बराच वेळ न्याहाळला. मग चष्मा काढून ठेवला.

"याच्यापेक्षा पक्का नंबर कुठला असणार," ते म्हणाले. ते मी आईला सांगितलं, तेव्हा तिचे डोळे भरून आले.

पण त्यांना अजून एक विचारायचं होतं. वैद्यकीय कामासाठी आहे असं मी पत्रात लिहिलं होतं, ते काय? कमी ऐकू येणाऱ्या माणसाचं यंत्र ते त्याच्यापुरतं असतं, त्यात दवाखान्याचा काय संबंध?

मी सांगायला लागले. आईनं मला थांबवलं. पेटी उघडून भोंगा काढला, सोबत आणलेला नवा सेल डबीत घातला, साचा बटणाला अडकवून कानात बसवला, आणि टायपिस्ट बाईकडे पाहून विचारलं, "इथं कुठं आडोसा हाय का वो?"

फाइलींच्या दोन कपाटांमागे एक बाक होता. टायपिस्ट बाईनं मला तिथे निजवलं आणि आपली शाल आडवी धरली. कपाटांच्या पलीकडून आईचा आवाज आला, "साहेब, पंखे बंद करता का? अन् ते टायपिंग." त्या एवढ्या मोठ्या हॉलमध्ये हळूहळू एकेक पंखा मंदावत थांबला. टाइपरायटर थांबले. कुणीतरी कुणाला तरी "श्श" म्हटलं. हमालांनी खोकं खाली ठेवलं आणि तेही उभे राहिले. कारण काय ते बहुतेकांना माहीत नव्हतं.

आईनं भोंगा माझ्या पोटावर ठेवला, त्याच्या टोकाला डबीची जाळी लावली आणि डोळे मिटले. मी तिचा चेहरा पाहत होते. इतकी बाळंतपणं तिनं केली, पण काम करताना तिचा चेहरा एवढ्या जवळून मी कधी पाहिला नव्हता. आधी कपाळाला आठी पडली. तिनं भोंगा बोटभर डावीकडे नेला. आणि मग आठी गेली, तोंड किंचित उघडलं, आणि तिचं डोकं अगदी हलकेच, ताल धरल्यासारखं हलायला लागलं.

तिनं साच्यातून ते गोल बटण सोडवलं आणि माझ्या कानाशी धरलं.

आधी मला नुसता वाऱ्यासारखा आवाज आला. तो माझ्याच रक्ताचा, असं आईनं नंतर सांगितलं. आणि त्या वाऱ्याच्या आत, फार घाईत, कुणीतरी होतं. माझ्या छातीतल्या ठोक्याच्या जवळजवळ दुप्पट वेगानं, माझ्याशी काही देणंघेणं नसल्यासारखं, आपल्या कामात गढलेलं. सात महिने मी त्याला माझाच भाग समजत होते. त्या क्षणी कळलं की ते दुसरं कुणीतरी आहे. मला रडू आलं नाही, हसूही आलं नाही. भीती वाटली, देवळात किंवा विहारात लहानपणी एकटं उभं राहिल्यावर वाटते तशी. मी श्वासही हळू घेतला, त्याला धक्का लागू नये म्हणून.

शाल धरलेल्या बाईनं विचारलं, "मी ऐकू?" आईनं बटण तिच्या कानाशी नेलं. त्या बाईनं तोंडावर हात ठेवला आणि शाल घसरली ती तिच्या लक्षातच आली नाही.

आईनं बटण परत आपल्या साच्यात अडकवलं, तेवढ्यात पलीकडून साहेबांनी हळूच विचारलं, "आहे ना? ठीक आहे ना?" आईला ते डबीतून ऐकू आलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिनं मी न सांगता परक्या माणसाला उत्तर दिलं, "हाय, साहेब. एकदम मजेत हाय."

पंखे सुरू झाले, टाइपरायटर सुरू झाले. साहेबांनी स्वतः दोन टेबलं फिरून सह्या आणल्या. शुल्क लागलं, पण फक्त दुरुस्तीच्या खर्चावरचं, नियमाप्रमाणे जेवढं होतं तेवढंच. त्यांनी काही माफ केलं नाही आणि आम्हीही मागितलं नाही. निघताना त्यांनी एक कागद दिला, त्यावर नवा नंबर लिहून शिक्का मारलेला. "पुन्हा बाहेर पाठवायची वेळ आली तर आधी हा दाखवा," ते आईकडे पाहून मोठ्यानं म्हणाले. "हळू बोला साहेब," आई म्हणाली, "आता आयकू येऊन राहिलं."

माझी मुलगी आईच्याच हातून झाली, त्याच उपकेंद्रात. तिचा पहिला ट्यांहा आईनं ऐकला. मी मात्र त्या हॉलमधलंच आठवत पडून होते. हा आवाज मला ओळखीचा नव्हता. ओळखीचा होता तो धावता ठोका.

त्यानंतर आईची तपासायची रीत बदलली. आधी ती ऐकायची आणि "चांगलं हाय" म्हणून सांगायची. आता ती स्वतः ऐकून झालं की साच्यातून बटण सोडवायची आणि त्या बाईच्या कानाशी धरायची. वेळ फार लागायचा. बाहेर ओटीवर रांग वाढायची. एकदा वरच्या डॉक्टरांनी तपासणीला आल्यावर विचारलंही, हे कायले? आई म्हणाली, "तिचं लेकरू, अन् तिलेच ठाऊक नको?"

मुलीला घेऊन मी तिथेच होते तेव्हाची गोष्ट. खाणीवर दगड फोडणारी दुसरी एक बाई आली. तिची आधीची दोन बाळं पोटातच गेली होती. ती तपासायला येतच नव्हती, सासूनं ओढून आणलं होतं. पडल्या पडल्या तिनं मान भिंतीकडे वळवली. आईनं भोंगा लावला, ऐकलं, आणि काही न सांगता बटण तिच्या कानाशी धरलं.

ती बाई हललीच नाही. मँगनीजच्या धुळीनं काळपटलेला तिचा हात खाटेच्या कडेच्या पाटीवर होता, तो तसाच राहिला. मग तिनं आईकडे न पाहता, अगदी हळू विचारलं, "बाई, आपलं बोलनं त्याले आयकू येते का?"

"येते," आई म्हणाली.

त्या बाईनं भिंतीकडची मान वळवली. मग पोटाकडे पाहून म्हणाली, "मी आयकून राहिली, बापा. तू पळ. मी आयकून राहिली."